स्टँड उभा राहिला, पण गल्ल्या आधीच ओस पडल्या होत्या: अ‍ॅनफिल्डविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातल्या अ‍ॅनफिल्ड या फुटबॉल स्टेडियमच्या स्टँडचा, म्हणजे प्रेक्षकांच्या बैठकीच्या इमारतींचा, विस्तार आणि स्टेडियमभोवतीच्या वस्तीची पुनर्बांधणी या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (पुणे): माझी मुलगी लिव्हरपूल येथे शिकते. तिला भेटायला गेलो असता तिने आम्हाला अ‍ॅनफिल्ड दाखवले. मुख्य स्टँड पाहून छाती दडपते, यात शंका नाही. मात्र तिच्या घरमालकीणबाईंनी सांगितले की, काही वर्षांपूर्वीपर्यंत या स्टँडमागच्या गल्ल्यांतील घरांच्या खिडक्या-दारांवर पत्रे ठोकलेले होते आणि माणसे स्टँडचे काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी निघून गेली होती. जे बांधकाम अद्याप सुरूच झालेले नाही, त्यामुळे वस्ती कशी उठेल?

उत्तर: घरमालकीणबाईंनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. घरे आधी रिकामी झाली आणि स्टँड पुष्कळ नंतर उभा राहिला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म या क्रमातच आहे.

अ‍ॅनफिल्ड हे मुळात एव्हर्टन क्लबचे मैदान होते. जागेचे मालक आणि मद्यनिर्मितीचे व्यावसायिक जॉन होल्डिंग यांच्याशी भाड्यावरून बिनसल्याने एव्हर्टन १८९२ मध्ये स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेला आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवा क्लब काढला. त्या काळी भोवताली गोदी कामगारांसाठी आणि कारकुनांसाठी एकाला एक खेटून विटांची घरे बांधली जात होती. त्यामुळे मैदान आणि घरे यांच्यामध्ये एका रस्त्याची रुंदी तेवढी उरली. मैदान वाढवायचे झाल्यास कोणाच्या तरी परसात शिरावे लागणार, हे तेव्हाच ठरून गेले.

पहिला मोठा पेच केमलिन रोडच्या बाजूला आला. तेथील घरे क्लबने एकेक करून विकत घेतली, परंतु दोन वृद्ध बहिणींनी आपले घर सोडण्यास ठाम नकार दिला. ओळीतली बाकीची घरे पडली, तरी त्यांचे घर उभे राहिले आणि स्टँडचा दुसरा मजला कित्येक वर्षे रखडला. १९९० मध्ये समझोता झाला आणि १९९२ मध्ये क्लबच्या शताब्दीच्या निमित्ताने तो मजला खुला झाला. आज तो स्टँड केनी डॅल्ग्लिश यांच्या नावाने ओळखला जातो. या अनुभवातून क्लबने पुढच्या खेपेला गाजावाजा न करता घरे आधीच ताब्यात घेण्याचा धडा घेतला असावा, असे त्या भागातील अनेकांचे मत आहे आणि पुढील घटना पाहता ते निराधार वाटत नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून मुख्य स्टँडमागच्या लोथेअर रोड आणि परिसरातील घरे विकत घेतली जाऊ लागली. विकत घेतलेल्या अनेक घरांत कोणीही राहायला आले नाही. ओळीतल्या घरांची रचना अशी असते की, शेजारच्या घराचे छत गळू लागले तर ओल सामाईक भिंतीतून आपल्या खोलीत येते. रिकाम्या घरांतून शिसे आणि तांब्याचे नळ चोरीला जातात, आगी लागतात, उंदीर होतात. मग विमा महागतो, कर्ज देणारी संस्था त्या गल्लीचे नाव ऐकून मागे सरते आणि ज्याला शक्य आहे तो मिळेल त्या किमतीला घर विकून निघून जातो. उरलेल्यांच्या घराची किंमत त्यामुळे आणखी उतरते. यासाठी कोणालाही कुदळ चालवावी लागत नाही.

या काळात क्लबला नेमके काय हवे आहे, हे ठरत नव्हते. २००२ मध्ये जुने मैदान सोडून शेजारच्या स्टॅनली पार्कमध्ये नवे स्टेडियम बांधण्याची योजना जाहीर झाली. १८७० साली नागरिकांसाठी खुल्या झालेल्या या बागेचा तुकडा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यास महापालिका २००६ मध्ये तयार झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकी उद्योजकांनी क्लब विकत घेतला, साठ दिवसांत कुदळ मारण्याची ग्वाही दिली आणि पहिला आराखडा बाजूला सारून दुसरा काढला. २००८ च्या आर्थिक संकटात पैसा आटला. ऑक्टोबर २०१० मध्ये क्लब ३० कोटी पौंडांना सध्याच्या मालकांकडे, म्हणजे आज फेनवे स्पोर्ट्स ग्रुप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे गेला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘आम्ही अ‍ॅनफिल्डमध्येच राहू आणि तेच वाढवू’ असे जाहीर झाले. म्हणजे बागेतील स्टेडियमची चर्चा चालू असतानाच्या संपूर्ण दशकात मुख्य स्टँडमागची घरे ना पाडायची होती ना दुरुस्त करायची होती. ती नुसती थांबून राहिली.

सारा दोष क्लबच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. १९३० च्या दशकात साडेआठ लाखांच्या आसपास असलेली लिव्हरपूलची लोकसंख्या २००१ पर्यंत साडेचार लाखांच्या खाली आली होती, कारण मालवाहतुकीत कंटेनर आल्यावर गोदीतला रोजगार गेला आणि कारखानेही बंद पडत गेले. अशा शहरात घरे तशीही रिकामी पडत होती. त्यात २००२ मध्ये केंद्र सरकारने उत्तर इंग्लंड आणि मिडलँड्समधील नऊ भागांसाठी गृहबाजार नूतनीकरणाची मोठी योजना आणली. तिच्यात अ‍ॅनफिल्डसह लिव्हरपूलच्या अनेक वस्त्यांतील जुनी घरे पाडून नवी बांधायची होती. पाडण्याच्या यादीत गेलेल्या गल्ल्यांतून लोक हलवले गेले आणि पुरेशी घरे बांधून होण्यापूर्वीच, २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने योजनेचा निधी थांबवला. क्लबची अनिश्चितता आणि सरकारची अर्धवट सोडलेली योजना अशा दोन्हींच्या कात्रीत एकच वस्ती सापडली.

मुख्य स्टँडच्या प्रत्यक्ष कामाला डिसेंबर २०१४ मध्ये प्रारंभ झाला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तेथे सामना झाला. दोन वर्षेही लागली नाहीत. त्या अगोदरची जवळजवळ वीस वर्षे शेजाऱ्यांनी सोसली.

प्रश्न (गिरगाव, मुंबई): आमच्या चाळीचा पुनर्विकास चालू असून आम्ही संक्रमण शिबिरात राहतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा वाटला. तेथे खाजगी क्लबसाठी महापालिका नागरिकांची घरे सक्तीने घेऊ शकते का? आणि मोबदला कसा ठरतो?

उत्तर: क्लब स्वतः सक्ती करू शकत नाही, महापालिका करू शकते. मात्र त्यासाठी व्यापक सार्वजनिक हित दाखवावे लागते आणि आदेशाला सरकारची मान्यता लागते. केवळ स्टेडियम मोठे करणे हे कारण लंगडे पडते, तर ‘विस्तारासह संपूर्ण परिसराचे पुनरुज्जीवन’ हे कारण टिकण्याची शक्यता अधिक असते. स्टेडियमच्या आराखड्याला घरे, चौक, हॉटेल आणि दुकाने जोडलेली का दिसतात, याचे एक उत्तर येथे मिळते. अ‍ॅनफिल्डमध्ये महापालिकेने सक्तीच्या खरेदीची तयारी जाहीर केली होती. बहुतेक घरे वाटाघाटीने घेतली गेली. परंतु एका पक्षाच्या हाती सक्तीचा अधिकार असताना होणाऱ्या वाटाघाटीला कितपत ऐच्छिक म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

मोबदल्याचे सूत्र कागदावर न्याय्य आहे. मालक स्वतः राहत असेल तर घराचा बाजारभाव, घर गमावल्याबद्दल साधारणतः त्याच्या दहा टक्के वेगळी रक्कम (तिला वरची मर्यादा असते) आणि स्थलांतराचा खर्च. आपल्याकडील २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाधारित रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, त्या मानाने इंग्लंडचा कायदा हात राखून देणारा आहे. बाजारभाव काढताना प्रस्तावित योजनेमुळे चढलेली किंवा उतरलेली किंमत धरायची नाही, असाही तेथील नियम आहे.

अडचण त्या नियमाच्या टोकाला येते. योजना केव्हा सुरू झाली, हे कसे ठरवणार? ज्या काळात घरे एकेक करून घेतली जात होती, त्या काळात अधिकृत योजना बागेतल्या स्टेडियमची होती आणि मुख्य स्टँडमागच्या गल्लीची अवनती कागदोपत्री कोणत्याही योजनेचा परिणाम नव्हती. नियोजनामुळे घर विकले जाईनासे झाल्यास ते विकत घेण्याची मागणी प्राधिकरणाकडे करण्याची सोय इंग्लंडच्या कायद्यात आहे, पण तिच्यासाठी ती जागा अधिकृत आराखड्यात किंवा आदेशात आलेली असावी लागते. क्लबच्या मनात काय आहे, हे आराखड्यात येत नाही. परिणामी ज्यांनी सर्वांत शेवटपर्यंत तग धरला, त्यांच्या घराचे मूल्यांकन पत्रे ठोकलेल्या गल्लीतील घर म्हणूनच होण्याचा धोका होता आणि त्या रकमेत तेवढ्याच खोल्यांचे दुसरे घर थोड्या बऱ्या वस्तीत मिळणे कठीण होते.

आपल्या चाळीशी तुलना करायची तर एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला त्याच जागी नव्या इमारतीत घर मिळण्याचा हक्क असतो. तो मिळेपर्यंत किती वर्षे जातात हे आपण जाणताच, पण हक्क जागेशी बांधलेला आहे. लोथेअर रोडच्या रहिवाशाला पैसे मिळाले, परत येण्याचा हक्क मिळाला नाही. त्याच्या घराच्या जागेवर आता स्टँड आणि त्याभोवतीचे फरसबंद आवार आहे.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या पेठांतील फुटबॉलवेड्या तरुणांचा हा एकमुखी प्रश्न आहे. एकही हंगाम दुसऱ्या मैदानावर न खेळता एवढा मोठा स्टँड कसा बांधला?

उत्तर: जुन्या स्टँडच्या मागे आणि डोक्यावर. मुख्य स्टँडच्या वेळी नव्या इमारतीचा पोलादी सांगाडा जुन्या स्टँडच्या पाठीमागे, म्हणजे पाडलेल्या घरांच्या जागेवर, उभा केला गेला. जुन्या स्टँडमध्ये प्रेक्षक बसत होते आणि त्यांच्या पाठीशी क्रेन चालत होत्या. छप्पर पेलणारी सुमारे ६५० टन वजनाची प्रचंड पोलादी कैची (इंग्रजीत ‘ट्रस’) चढवण्याचा टप्पा सर्वांत अवघड होता, कारण ती बसली की खाली एकही खांब लागत नाही आणि प्रत्येक आसनावरून मैदान अडथळ्याविना दिसते. जुने छप्पर काढणे आणि जुन्या-नव्या भागांचा सांधा जोडणे ही कामे हंगाम संपल्यावर उन्हाळी सुट्टीत उरकली गेली. साडेआठ हजारांच्या आसपास आसने वाढली आणि क्षमता ४५ हजारांवरून सुमारे ५४ हजारांवर गेली.

अ‍ॅनफिल्ड रोड स्टँडलाही हीच पद्धत वापरली. खालचा मजला तसाच ठेवून त्यावर नवा मजला चढवला आणि त्यासाठी अ‍ॅनफिल्ड रोड हा रस्ताच नव्या इमारतीला वळसा घालून फिरवला. काम सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, पण २०२३ च्या हंगामाच्या तोंडावर मुख्य कंत्राटदार कंपनी बकिंगहॅम ग्रुप आर्थिक दिवाळखोरीत सापडली आणि काम थांबले. दुसरा कंत्राटदार नेमून डिसेंबर २०२३ मध्ये वरच्या मजल्याचा काही भाग आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळजवळ पूर्ण स्टँड खुला झाला. आता क्षमता ६१ हजारांच्या आसपास आहे.

आपल्यापैकी एकाने गोलपोस्टमागच्या ‘कॉप’ स्टँडबद्दलही विचारले आहे. तो १९०६ चा असून १९९४ पर्यंत तेथे प्रेक्षक उभे राहून सामना पाहत. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ समर्थक प्राणाला मुकले, त्या दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळे मोठ्या मैदानांवर सर्वांसाठी आसने सक्तीची झाली आणि कॉपची क्षमता निम्म्याहून खाली येऊन साडेबारा हजारांच्या आत राहिली. पुढील विस्ताराची निकड काही अंशी तेथून सुरू होते. कॉप हे नाव १९०० मधील बोअर युद्धातील स्पिऑन कॉप या टेकडीवरून आले आहे. त्या लढाईतील जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते, ही गोष्ट लिव्हरपूलच्या आपल्याकडील चाहत्यांना सहसा ठाऊक नसते.

प्रश्न (नाशिक): स्टेडियम मोठे झाले की परिसरात दुकाने, हॉटेले आणि रोजगार येतात, असा युक्तिवाद सर्वत्र ऐकतो. अ‍ॅनफिल्डमध्ये तो खरा ठरला का?

उत्तर: अर्धा ठरला. महापालिका, क्लब आणि एक गृहसंस्था यांनी २०१३ मध्ये मिळून सुमारे २६ कोटी पौंडांचा पुनरुज्जीवन आराखडा मांडला. त्यातून नवी घरे बांधली गेली, रॉकफिल्ड भागातील काही जुनी घरे पाडण्याऐवजी दुरुस्त झाली आणि पत्रे ठोकलेल्या गल्ल्या बऱ्याच प्रमाणात दिसेनाशा झाल्या. हा फरक खरा आहे आणि तो नाकारणे म्हणजे तेथे आज राहणाऱ्यांचा अनुभव नाकारणे होय.

दुकानांचे गणित मात्र वेगळे आहे. लीगमधील घरचे सामने हंगामात १९ असतात. चषक आणि युरोपीय स्पर्धांतील सामने धरले, तरी संख्या साधारणतः तिशीच्या आतबाहेर राहते. उन्हाळ्यात गाण्याचे कार्यक्रम होतात. जून २०२४ मध्ये टेलर स्विफ्ट यांनी येथे लागोपाठ तीन रात्री गाजवल्या. तरीही वर्षातील तीनशेहून अधिक दिवस ६१ हजारांचे हे स्टेडियम परिसराला गिऱ्हाईक म्हणून मार्गदर्शित सहलींचे पर्यटक तेवढे पुरवते. सामन्याच्या दिवशी गर्दी दोन-तीन तास आधी येते आणि त्यातील बराच मोठा खर्च आता स्टेडियमच्या आतच होतो, कारण नव्या स्टँडची रचनाच प्रेक्षकाने लवकर यावे, आत खावे-प्यावे, अशी आहे. भाजीवाला, औषधाचे दुकान किंवा चर्मकार यांना जगण्यासाठी रोजचा शेजारी लागतो, आणि नेमका तोच दोन दशकांत कमी झाला होता. रिकाम्या झालेल्या घरांपैकी काही आता सामना पाहायला येणाऱ्यांना रात्रीपुरती भाड्याने दिली जातात. त्या घरांना दिवे असतात, पण मंगळवारी सकाळी पाव आणायला तेथून कोणी बाहेर पडत नाही.

पावावरून आठवले ते सांगतो, कारण या साऱ्या इतिहासातील मला सर्वाधिक आवडणारा भाग तोच आहे. मैदानासमोर वॉल्टन ब्रेक रोडच्या कोपऱ्यावर पिढ्यानुपिढ्या चालत आलेली एक बेकरी होती. परिसर पाडला जाण्याच्या छायेत ती बंद पडली. लिव्हरपूल बिएनाले या कला महोत्सवाने २०१० च्या सुमारास डच कलाकार जॅन फान हेस्वाइक यांना येथे काम करण्यासाठी बोलावले आणि त्यांनी शिल्प किंवा भित्तिचित्र करण्याऐवजी रहिवाशांबरोबर बसून या इमारतीचे काय करता येईल, याचा आराखडा आखला. त्यातून ‘होमबेक्ड’ ही सहकारी बेकरी उभी राहिली आणि इमारत व भोवतालची जागा सट्टेबाजीपासून दूर ठेवण्यासाठी रहिवाशांनी सामुदायिक भूमी न्यास स्थापन केला. सहकाराची परंपरा असलेल्या आपल्या राज्यातील वाचकांना यात फारसे नवल वाटणार नाही. सामन्याच्या दिवशी तिथले ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) खाण्यासाठी रांग लागते, पण इतर दिवशीही ती चालू असते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रहिवाशांप्रमाणे प्रेक्षकांच्या खिशालाही विस्तार जाणवला, तेही सांगायला हवे. मुख्य स्टँड खुला होण्याच्या काही महिने आधी त्यातील सर्वांत महाग सामान्य तिकीट ७७ पौंडांचे असेल, असे जाहीर झाले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून निघून गेले. तेव्हा २-० ने पुढे असलेल्या लिव्हरपूलला शेवटी २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. लोथेअर रोडवरील रहिवाशांना वीस वर्षांत जे साधले नाही, ते प्रेक्षकांना आठवडाभरात साधले. संघटित ग्राहक आणि विखुरलेला शेजारी यांच्या ताकदीत असा फरक असतो, आणि पुनरुज्जीवनाच्या बैठकीत कोणाला खुर्ची द्यायची याचा विचार करताना तो विसरला जाऊ नये.

प्रश्न (मडगाव): शेजारच्या एव्हर्टन क्लबने विस्तार न करता नव्या जागी स्टेडियम बांधले. तो मार्ग अधिक शहाणपणाचा म्हणायचा का?

उत्तर: घरे पाडावी लागली नाहीत, एवढ्यापुरता होय. गुडिसन पार्क तिन्ही-चारी बाजूंनी रस्ते, घरे आणि चर्च यांनी इतके वेढलेले आहे की, तेथे वाढण्यास जागाच नव्हती. एव्हर्टनने मर्सी नदीकाठची ब्रॅमली-मूर ही १८४८ ची वापराबाहेर गेलेली गोदी निवडली, तिचे पात्र समुद्रातून उपसलेल्या वाळूने भरले आणि तेथे सुमारे ५३ हजार आसनांचे स्टेडियम बांधले, ज्यात ऑगस्ट २०२५ मध्ये लीगचा पहिला सामना झाला. किंमत वेगळ्या खात्यातून चुकती झाली. नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये लिव्हरपूलला जागतिक वारसा यादीतून वगळले, आणि त्या बांधकामांत या स्टेडियमचाही उल्लेख होता.

जुन्या जागेचा प्रश्नही उरतो. मे २०२५ मध्ये पुरुष संघाने गुडिसन पार्कचा निरोप घेतला. मैदान पाडण्याचा आधीचा बेत बदलून ते आता एव्हर्टनच्या महिला संघाला दिले आहे, त्यामुळे तेथील दिवे विझले नाहीत. मात्र चाळीस हजारांच्या गर्दीवर चालणाऱ्या आसपासच्या गुत्त्यांना आणि चिप्सच्या दुकानांना महिला संघाच्या आजच्या प्रेक्षकसंख्येवर भागवणे अवघड जाणार, हे उघड आहे. गोदीच्या बाजूला रहिवासी नव्हते, तरी गोदामे, लहान कारखाने आणि जुने गुत्ते होते. सामन्याच्या दिवशी वाहने उभी करण्यावर महापालिकेने मोठ्या परिसरात निर्बंध आणले, तेव्हा आपल्या कामगारांनी आणि गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कोठे, असा प्रश्न विचारत पुढे आले ते हेच व्यावसायिक.